वाहनतळाचा नियम आणि नागर घर : एक ऐतिहासिक विवेचन

शहरातील घरांची संख्या, त्यांचा आकार आणि त्यांचे भाडे कशावरून ठरते याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम जमिनीच्या किमतीकडे, मग भाडेनियंत्रणाच्या कायद्याकडे आणि त्यानंतर बांधकामाच्या खर्चाकडे जाते. ही तिन्ही कारणे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगातील अनेक मोठ्या शहरांत घराच्या रूपावर व किमतीवर आणखी एका नियमाचा अंमल चालत आला आहे, आणि गृहनिर्माणाच्या इतिहासात त्याची दखल फार उशिरा घेतली गेली. नव्या इमारतीच्या आवारात मोटारी उभ्या करण्यासाठी ठराविक जागा राखलीच पाहिजे, हा नगररचनेचा दंडक म्हणजे तो नियम होय.

वरवर पाहता हा नियम वाहतुकीचा आहे. रस्ते मोकळे राहावेत, मोटारींची दाटी होऊ नये, एवढाच त्याचा उद्देश सांगितला जातो. घर किती मोठे असावे, त्याचे भाडे किती असावे, त्यात कोणी राहावे, यांविषयी त्यात चकार शब्द नसतो. तथापि व्यवहारात या सर्व गोष्टी त्याने बऱ्याच अंशी ठरविल्या. मोटार ही चालण्यासाठी घेतली जात असली तरी दिवसाचे बहुतेक तास ती उभीच असते, आणि उभ्या मोटारीला जमीन लागते. या विसाव्याच्या जागेचा भार कोणी वाहावा, हा मूळ प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरे इतिहासात आढळतात. रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या राहू दिल्या तर तो भार सर्व जनतेवर पडतो. इमारतीला जागा राखण्याची सक्ती केली तर तो त्या इमारतीतील सर्व रहिवाशांवर पडतो. मोटार घेणाऱ्यानेच जागा दाखवावी असे ठरविले तर तो मोटारमालकावर पडतो. अमेरिकेतील शहरांनी यांपैकी दुसरे उत्तर स्वीकारले, टोकियोने मुख्यत्वे तिसरे. मुंबईत तिन्हींची सरमिसळ झाली. या तीन अनुभवांचा क्रमाने विचार केल्यास या नियमाचे खरे स्वरूप स्पष्ट होते.

नियमाचा उगम

मोटारींची संख्या वाढू लागली तसा अमेरिकेतील शहरांसमोर हा प्रश्न पहिल्यांदा तीव्रतेने उभा राहिला. घोडागाडीच्या काळात जनावर तबेल्यात परत न्यावे लागे. मोटार मात्र मालक परत येईपर्यंत रस्त्याच्या कडेलाच उभी ठेवता येत असे. परिणामी बाजारपेठांचे रस्ते उभ्या गाड्यांनी भरून गेले. यावर दोन उपाय पुढे आले. एक उपाय रस्त्याच्या कडेचे मोल घेण्याचा होता. कार्ल मॅगी यांच्या कल्पनेतून साकारलेले पहिले पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे बसविण्यात आले. ठराविक वेळेसाठी नाणे टाकावे आणि वेळ संपताच जागा सोडावी, अशी ती साधी योजना होती.

दुसरा उपाय इमारतींवर सक्ती करण्याचा होता. ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १९२३ साली भाड्याच्या गाळ्यांच्या इमारतींना मोटारींसाठी जागा राखण्याची अट घातली. अशा अटीचा हा सर्वांत जुना दाखला मानला जातो. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने १९३९ साली ती रुग्णालये व हॉटेले यांना लावली. तोपर्यंत हा प्रकार तुरळक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र तो झपाट्याने पसरला. अमेरिकेतील ७६ शहरांच्या १९४६ सालच्या पाहणीत केवळ १७ टक्के शहरांच्या नियमांत अशी तरतूद होती. पुढील पाचच वर्षांत यांपैकी ७१ टक्के शहरांनी ती स्वीकारली होती किंवा ती स्वीकारण्याच्या मार्गावर होती.

हा प्रसार इतक्या वेगाने का झाला, हे समजणे कठीण नाही. मीटर बसविले की मोटारमालकाला रोज पैसे मोजावे लागतात आणि त्याचा रोष नगरपालिकेवर येतो. इमारतीवरील सक्तीचा खर्च मात्र प्रथम बांधणाऱ्याच्या हिशेबात जातो, तेथून घराच्या किमतीत अगर भाड्यात मुरतो, आणि अखेरीस तो कोणाच्याही नजरेस वेगळा पडत नाही. नगरपालिकेला स्वतःची एक कपर्दिकही खर्च न करता प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते. ज्या करात कर देणाऱ्याला आपण कर देत आहोत हेच कळत नाही, तो कर लोकप्रतिनिधींना नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.

प्रमाण कसे ठरले

एका गाळ्यामागे किती जागा असाव्यात, हे ठरविण्याची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. पुष्कळ ठिकाणी शेजारच्या शहराच्या नियमातील आकडा उचलून तो आपल्या नियमात घातला गेला. पुढे वाहतूक अभियंत्यांनी प्रत्यक्ष मोजणी करून कोष्टके तयार केली. परंतु ही मोजणी बहुधा उपनगरी भागांत झाली. तेथे सार्वजनिक वाहतूक नाममात्र होती आणि मोटार उभी करण्यास पैसे पडत नव्हते. शिवाय तेथील गर्दीच्या वेळची संख्या हीच आवश्यकता मानली गेली. फुकट मिळणाऱ्या वस्तूला कमाल मागणी किती येते, हे मोजून तितकी वस्तू पुरविण्याची सक्ती करावी, असा हा प्रकार झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात या पद्धतीची विस्ताराने चिकित्सा केली, आणि तेव्हापासून हा विषय नगररचनेच्या अभ्यासात मध्यवर्ती ठरला.

जागेचे मोजमाप पाहिल्याखेरीज या नियमाचे वजन कळत नाही. एका मोटारीच्या ठाण्यास सुमारे अडीच मीटर रुंदी व साडेपाच मीटर लांबी लागते. म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर, अर्थात जवळजवळ १५० चौरस फूट. परंतु ठाण्यापर्यंत पोहोचण्याची वाट, वळण्याची जागा आणि उतार यांचा वाटा धरला तर एका मोटारीमागे सर्वसाधारणपणे ३०० ते ३३० चौरस फूट जागा खर्ची पडते. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२० च्या दशकात विकास खात्यामार्फत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील एक खोली १६० चौरस फुटांची आहे. त्या खोलीत तीन-तीन पिढ्यांची बिऱ्हाडे नांदली. म्हणजे वाटेसह एका मोटारीला जेवढी जागा लागते, तेवढ्यात अशा दोन खोल्या जवळजवळ मावतात. या तुलनेवरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

ओकलंडचा अनुभव

नियमाचा घरांवर काय परिणाम होतो, याचे पहिले पद्धतशीर उत्तर कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने दिले. या शहराने १९६१ साली प्रत्येक नव्या गाळ्यामागे मोटारीची एक जागा राखण्याची अट घातली. त्यापूर्वी अशी अट नव्हती. त्यामुळे एकाच शहरात, एकाच बाजारात, नियमाच्या अलीकडील व पलीकडील बांधकामांची तुलना करण्याची दुर्मिळ संधी मिळाली. ब्रायन बर्था यांनी नियमापूर्वीच्या चार वर्षांतील ४५ आणि नियमानंतरच्या दोन वर्षांतील १९ इमारतींची माहिती जमवून तिचे निष्कर्ष १९६४ साली मांडले. नियमानंतर दर गाळ्यामागील बांधकामाचा खर्च १८ टक्क्यांनी वाढला, दर एकरातील गाळ्यांची संख्या ३० टक्क्यांनी घटली, आणि जमिनीची किंमत ३३ टक्क्यांनी उतरली.

या तीन आकड्यांमागील कार्यकारणभाव समजून घेणे आवश्यक आहे. अट दर गाळ्यामागे एक जागा अशी होती. गाळा एका खोलीचा असो वा चार खोल्यांचा, जागा एकच. साहजिकच लहान गाळा बांधणे तोट्याचे झाले. तितक्याच मोटारींच्या जागेत मोठे व महाग गाळे बांधल्यास फायदा अधिक होता. पूर्वीइतके गाळे बसवायचे तर तळघरात वाहनतळ खणावा लागे, आणि तो खर्च भाड्यातून भरून निघण्यासारखा नव्हता. म्हणून बांधणाऱ्यांनी गाळे कमी केले, आकार वाढविला व भाडे चढविले. जमिनीच्या किमती उतरल्या ही घटना प्रथमदर्शनी चांगली वाटते. परंतु घर स्वस्त होण्याशी तिचा संबंध नव्हता. त्या जमिनीवर आता पूर्वीपेक्षा कमी घरे उभी राहू शकत होती, म्हणून ती उतरली होती. ज्यांना लहान व स्वस्त गाळा हवा होता, त्यांच्यासाठी तो बांधलाच गेला नाही. जे घर बांधले जात नाही त्याची नोंद कोणत्याही नगरपालिकेच्या दप्तरात होत नाही, आणि त्यात जो राहिला असता त्याची तक्रारही कोठे दाखल होत नाही. हा नियम दीर्घकाळ निर्वेधपणे चालू राहिला, त्याचे हेच मुख्य कारण असावे.

लॉस एंजेलिस : नियमाचे बंधन आणि त्याची मोकळीक

कॅलिफोर्नियातीलच लॉस एंजेलिस शहरात या नियमाने एका विशिष्ट इमारतीला जन्म दिला. १९५० व १९६० च्या दशकांत तेथे दोन-तीन मजल्यांच्या, चौकोनी पेटीसारख्या भाड्याच्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. त्यांच्या वरच्या मजल्यांवर गाळे असत, आणि रस्त्याच्या बाजूने तळमजल्याचा भाग बारीक खांबांवर मोकळा ठेवून तेथे मोटारी उभ्या केल्या जात. शहराने गाळ्यामागील जागांचे प्रमाण पुढे वाढविले, तेव्हा खांबांखालच्या त्या मोकळ्या पट्ट्यात पुरेशा मोटारी मावेनात आणि हा इमारतप्रकार मागे पडला. मध्यमवर्गीय भाडेकरूला परवडणारी घरे पुरविणारा एक प्रकार नियमातील लहानशा बदलाने संपुष्टात आला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

याच शहराने पुढे उलट दिशेचा पुरावाही दिला. शहराच्या मध्यभागातील जुन्या कचेऱ्यांच्या इमारती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओस पडल्या होत्या. त्या मोटारयुगाच्या आरंभी बांधलेल्या असल्याने त्यांच्या आवारात वाहनतळासाठी जागाच नव्हती, आणि नव्या नियमानुसार त्यांचे निवासी इमारतींत रूपांतर करणे जवळजवळ अशक्य होते. १९९९ साली शहराने या इमारतींना नवा वाहनतळ बांधण्याच्या सक्तीतून मोकळीक दिली. त्यानंतर २००८ पर्यंत या तरतुदीखाली सुमारे ६,९०० घरे तयार झाली. या रूपांतरांचा अभ्यास करणाऱ्या मायकेल मॅनव्हिल यांना असे आढळले की सक्ती नसतानाही बांधणाऱ्यांनी मोटारींची सोय केली, पण ती आपल्या सोयीने केली. कोणी शेजारच्या वाहनतळात जागा भाड्याने घेतल्या, कोणी काही गाळे मोटारीविना स्वस्तात दिले. मागणी असेल तेथे जागा निर्माण होतेच. तिची सक्ती केली म्हणजे मागणी नसेल तेथेही ती बांधावी लागते, हा भेद या उदाहरणाने स्पष्ट केला.

मोटार नसलेल्याचा भरणा

या नियमाचा सर्वांत विषम परिणाम कोणावर होतो, याविषयीही आता निश्चित माहिती उपलब्ध आहे. गॅब व पिअर्स या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेच्या नागरी भागांत घरभाड्यात गुंफलेल्या बंदिस्त वाहनतळाचा खर्च दर घरामागे वर्षाला सुमारे १,७०० डॉलर, म्हणजे भाड्याच्या सुमारे १७ टक्के येतो. ज्यांच्याकडे मोटार नाही आणि तरीही ज्यांना हा खर्च भरावा लागतो, अशा भाडेकरू कुटुंबांची संख्या त्यांनी सात लाखांहून अधिक दाखविली. मोटार न बाळगणारी कुटुंबे बहुधा वृद्धांची, एकट्या व्यक्तींची किंवा अल्प उत्पन्नाची असतात. त्यांनी आपल्या भाड्यातून शेजाऱ्याच्या मोटारीच्या निवाऱ्याचा खर्च सोसावा, असे कोणत्याही नगरपालिकेने ठरवून केले नाही. परंतु नियमाच्या रचनेतून नेमके तेच घडले.

टोकियो : भार मोटारमालकावर

याहून वेगळी वाट शक्य होती, हे जपानच्या अनुभवावरून दिसते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मोटारी वाढू लागल्या, तेव्हा टोकियोच्या जुन्या वस्त्यांतील गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की एक मोटार उभी राहिली तरी वाट अडे. १९६२ साली जपानने मोटार ठेवण्याच्या जागेविषयीचा कायदा केला. त्यानुसार मोटार घेणाऱ्याने आपल्या घराजवळ, रस्त्याबाहेर, ती ठेवण्याची जागा आहे असा पोलिसांचा दाखला मिळविल्याशिवाय मोटारीची नोंदणी होत नाही. ही जागा घरापासून प्रथम ५०० मीटरच्या आत असावी लागे. पुढे ही मर्यादा दोन किलोमीटर करण्यात आली. याच कायद्याने रस्त्याचा गाडीखान्यासारखा वापर करण्यास मनाई केली. एकाच ठिकाणी सलग बारा तास, किंवा रात्रीच्या वेळी सलग आठ तास मोटार उभी ठेवणे हा अपराध ठरला.

इमारतींवर वाहनतळाची अट जपानमध्ये मुळीच नाही असे नाही. १९५७ च्या वाहनतळ कायद्यानुसार स्थानिक संस्थांना ती मोठ्या इमारतींवर घालता येते. परंतु लहान इमारती तिच्यातून सुटतात आणि प्रमाणही माफक असते. त्यामुळे टोकियोत लहानशा भूखंडावर चार-सहा गाळ्यांची इमारत मोटारीच्या एकाही जागेविना बांधता येते. ज्याला मोटार हवी तो जवळपासच्या एखाद्या छोट्या वाहनतळात महिन्याच्या भाड्याने जागा घेतो. घराचे भाडे आणि मोटारीचे भाडे ही दोन निरनिराळी बिले असतात, आणि मोटार नसलेल्याला दुसरे बिल येत नाही. या व्यवस्थेमुळे गल्ल्या मोकळ्या राहिल्या, लहान घरे बांधली जात राहिली, आणि मोटार घेण्याचा खरा खर्च ती घेण्यापूर्वीच प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आला. हा कायदा रस्त्यासाठी होता, घरांसाठी नव्हता. परंतु त्याचा अप्रत्यक्ष लाभ घरांना मिळाला.

मुंबई : तिन्ही उत्तरांची सरमिसळ

मुंबईची जडणघडण मोटारीपूर्वी झाली. गिरणगावातील चाळी, गिरगावातील वाड्या व चाळी, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतींतील तीन-चार मजल्यांच्या इमारती, या सर्वांचा आधार पायी चालणे, ट्राम आणि उपनगरी रेल्वे हाच होता. शहराची पहिली विकास योजना व तीसोबतचे विकास नियंत्रणाचे नियम १९६० च्या दशकात अमलात आले. १९९१ सालच्या नियमावलीत वाहनतळाची अट घराच्या क्षेत्रफळाशी जोडलेली होती. ३५ चौरस मीटरपर्यंतच्या चार गाळ्यांमागे मोटारीची एक जागा पुरे. ७० चौरस मीटरहून मोठ्या गाळ्याला मात्र दोन जागा आवश्यक. ओकलंडच्या सरसकट अटीपेक्षा ही श्रेणीपद्धती निश्चितच अधिक विचारपूर्वक केलेली होती, कारण तिने लहान घरावरील भार हलका ठेवला. २०१८ पासून अमलात आलेल्या नव्या नियमावलीतही श्रेणींचे तत्त्व कायम राहिले.

परंतु मुंबईच्या नियमांत दुसरीही एक तरतूद होती, आणि तिचे परिणाम दूरगामी झाले. भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरविणाऱ्या चटईक्षेत्र निर्देशांकात आवश्यक वाहनतळाचे आच्छादित क्षेत्र मोजले जात नाही. ज्या शहरात बांधकामाच्या प्रत्येक चौरस फुटाला मोल आहे, तेथे हिशेबाबाहेर राहणारी जागा ही मोठी सवलत ठरते. यातून प्रथम खांबांवर उभ्या असलेल्या इमारती सर्वत्र दिसू लागल्या. मुंबईकरांच्या तोंडी हा मोकळा तळमजला ‘स्टिल्ट’ या नावाने रुळला. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर उत्तुंग मनोरे उभे राहू लागले, तेव्हा त्यांच्या तळाशी वाहनतळाचेच अनेक मजले चढविले गेले. चाळीच्या गॅलरीतून गल्लीशी चालणारा संवाद, तळमजल्यावरची वाण्याची व शिंप्याची दुकाने, रस्त्यावर असणारी शेजाऱ्यांची नजर, या सर्वांच्या जागी जाळीदार भिंतीआड उभ्या असलेल्या मोटारींचे मजले आले. रहिवाशांचे घर आणि शहराचा रस्ता यांच्यामध्ये मोटार येऊन बसली.

या मोकळ्या तळमजल्याचा मालक कोण, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात ‘सदनिका’ या शब्दाच्या व्याख्येत ‘गॅरेज’चा समावेश आहे. त्याचा आधार घेऊन बांधकाम व्यावसायिक खांबांमधील जागा स्वतंत्रपणे विकत असत. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि नहालचंद लालूचंद ही बांधकाम कंपनी यांच्यातील दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. आर. एम. लोढा व न्या. ए. के. पटनाईक यांनी ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला. खांबांमधील वाहनतळ हे गॅरेज नव्हे. ते इमारतीच्या सामाईक भागात मोडते, आणि ते स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार व्यावसायिकास नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानेही उघडा वाहनतळ सामाईक क्षेत्रात गणला, आणि छप्पर व तीन बाजूंना भिंती असलेली जागाच गॅरेज मानली.

रहिवाशांच्या दृष्टीने हा निर्णय मोठा दिलासा देणारा होता. ज्या जागेसाठी घरासोबतच पैसे मोजले ती पुन्हा वेगळ्या किमतीला विकण्याचा प्रकार त्याने बेकायदा ठरविला. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सामाईक भागांचा खर्च सर्व सदनिकाधारकांकडून त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घेता येतो, हेही न्यायालयाने मान्य केले होते. म्हणजे जागा सर्वांची झाली, आणि तिचा खर्चही सर्वांचा झाला. २०११ च्या जनगणनेत भारतातील केवळ ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. मुंबईसारख्या शहरातही बहुसंख्य बिऱ्हाडे मोटारीविना राहतात. तेव्हा सामाईक मालकीचे न्याय्य तत्त्व आणि मोटारीचा असमान वापर यांची गाठ पडते, तेव्हा बहुसंख्यांच्या पैशाने अल्पसंख्यांची सोय होते. जागांचे वाटप कोणत्या क्रमाने करावे, यावरून गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत होणारे तंटे हे या विसंगतीचेच दृश्य रूप आहे. हा दोष न्यायालयाचा नव्हे. जागा बांधण्याची सक्ती आणि ती स्वतंत्रपणे विकण्यास मनाई, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तिचा खर्च घराच्या किमतीत जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

नियमाची माघार आणि तिच्या मर्यादा

एकविसाव्या शतकात अनेक शहरांनी ही सक्ती मागे घेतली. लंडनने २००४ साली किमान जागांची अट काढून तिच्या जागी कमाल मर्यादा घातली. गुओ व रेन यांच्या २०१३ सालच्या अभ्यासानुसार त्यानंतर नव्या घरांमागील जागांचे प्रमाण १.१ वरून ०.६ च्या आसपास आले. आणि ही घट जवळजवळ सर्वस्वी किमान अट उठविल्यामुळे झाली, कमाल मर्यादेमुळे नव्हे. पूर्वी बांधल्या जाणाऱ्या जागांपैकी मोठा हिस्सा केवळ नियमापोटी बांधला जात होता, हे यावरून सिद्ध झाले. २०१७ साली अमेरिकेतील बफेलो शहराने ही अट संपूर्ण शहरातून काढून टाकली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमान अटींचे कमाल मर्यादांत रूपांतर केले. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणान्वये आपल्या मोठ्या शहरांना अशा अटी काढण्यास सांगितले, आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या वाहतूक स्थानकांच्या अर्ध्या मैलाच्या परिसरात त्या बहुतांशी रद्द केल्या. ज्या राज्यातील ओकलंडने १९६१ साली सक्ती आणली, त्याच राज्याने सहा दशकांनी ती आवरती घेतली.

या माघारीला होणारा विरोध निराधार मानता येणार नाही. इमारतीत जागा नसल्या तर मोटारी शेजारच्या गल्लीत येतील, ही जुन्या रहिवाशांची भीती खरी आहे. मुंबईत तर ती रोजच्या अनुभवाची गोष्ट आहे. उभ्या वाहनांनी कित्येक रस्त्यांचा निम्मा भाग व्यापलेला असतो, पदपथ अडतात, आणि आगीच्या बंबाला वा रुग्णवाहिकेला वाट मिळेनाशी होते. परंतु या परिस्थितीचे कारण इमारतींतील जागांची टंचाई एवढेच नाही. जोपर्यंत रस्त्याची कड फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळते, तोपर्यंत इमारतीत जागा असूनही मोटार रस्त्यावरच उभी राहते. लॉस एंजेलिसच्या अनुभवातून जसे सक्तीचे निरर्थकत्व दिसते, तसेच टोकियोच्या अनुभवातून हे दिसते की सक्ती नसण्याची पूर्वअट रस्त्याचे कडक नियमन ही आहे. या दोहोंपैकी एकच अंग उचलले तर ते पेलत नाही.

महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी वाहनतळाच्या जागेचा दाखला दिल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा टोकियोचे उत्तर येथील शासकीय चर्चेत ठळकपणे आले. इतिहासाच्या दृष्टीने येथे एक सावधगिरीची सूचना करणे प्राप्त आहे. जपानमध्ये दाखल्याची अट यशस्वी झाली, कारण तेथे लहान घरांवर वाहनतळाची सक्ती नव्हती, जागा घरापासून अलग भाड्याने मिळत होती, आणि रात्री रस्त्यावर मोटार ठेवणे खरोखरच अशक्य करण्यात आले होते. जुनी सक्ती तशीच ठेवून तिच्यावर नवा दाखला चढविला, तर मोटार नसलेल्या बिऱ्हाडावरील भार हलका न होता केवळ कागदपत्रांत भर पडेल. शिवाय दाखल्यासाठी सामाईक जागेवरील हक्क दाखवावा लागणार असल्याने गृहनिर्माण संस्थांतील आधीचेच तंटे अधिक तीव्र होण्याचा संभव आहे.

या विषयाच्या अभ्यासास मुंबईत अद्याप पुष्कळ वाव आहे. ओकलंडविषयी बर्था यांनी जे केले, त्याच धर्तीवर १९९१ पूर्वीच्या व नंतरच्या मंजूर आराखड्यांची तुलना करता येईल. एका गाळ्यामागे जमिनीचा किती भाग मोटारींकडे गेला, गाळ्यांचे सरासरी आकारमान कसे बदलले, आणि श्रेणींच्या सीमेवरील क्षेत्रफळांची घरे अधिक बांधली गेली काय, हे प्रश्न महापालिकेच्या दप्तरातील नकाशांवरून तपासण्यासारखे आहेत. नगररचनेच्या इतिहासात घरांची गणना आजवर झाली आहे. आता मोटारींच्या जागांचीही व्हावयास हवी. या दोन गणना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजेच नियमाने कोणाला जागा दिली आणि कोणाची घेतली, याचा निर्णय पुराव्याच्या आधारे करता येईल.